दोन बंदुका आणि वऱ्हाडचा निकाल

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या वाटेवर, बालाघाटाच्या पायथ्याला लागून पातूर हे गाव वसले आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर सपाट जमीन आणि दक्षिणेस घाटमाथ्याची पठारे, अशा दोन प्रदेशांच्या सांध्यावर ते आहे. टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी, रेणुकेचे स्थान, नानासाहेबांचे देऊळ आणि शेख बाबूंचा दर्गा ही त्याची भूषणे होत. परंतु सांध्यावरच्या गावास यात्रेकरूंप्रमाणे फौजाही चुकत नाहीत. घाट उतरून वऱ्हाडात शिरणारा आणि वऱ्हाडातून घाट चढून दक्षिणेस जाणारा, असा प्रत्येक सेनापती ह्या पट्ट्यातील वाटांचा विचार करूनच पाऊल टाकीत असे. १८०३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस आर्थर वेलस्लीची फौज बालाघाटावरून ह्याच सखल प्रदेशात उतरली आणि पुढील तीन आठवड्यांत वऱ्हाडच्या भवितव्याचा निकाल लागला. २९ नोव्हेंबरला अकोटजवळील अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहावर सह्या झाल्या.

ह्या पराभवाचे कारण काय, असा प्रश्न निघाला म्हणजे एक उत्तर हमखास पुढे येते. ‘इंग्रजांजवळ चांगल्या बंदुका होत्या, आपल्याजवळ नव्हत्या’ हे ते उत्तर होय. ते सोपे आहे आणि मनाला दिलासा देणारेही आहे; कारण हत्यार निकृष्ट होते असे ठरले म्हणजे ते धरणारा हात आणि त्या हातास हुकूम देणारे डोके ह्यांची झडती घेण्याचे कारण उरत नाही. परंतु ते खरे आहे काय, हे ठरविण्यासाठी त्या काळच्या बंदुका समोर ठेवून, त्यांची नळी, चाप, गोळी आणि संगीन ताडून पाहिली पाहिजेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील कवायती पायदळांपुढे नमुने म्हणून ज्या बंदुका होत्या, त्यांत दोन प्रमुख. एक इंग्रजांची ‘ब्राउन बेस’ आणि दुसरी फ्रेंचांची ‘शार्लव्हील’.

ह्या दोन्ही बंदुका येण्यापूर्वी आपल्याकडे तोड्याची बंदूक सर्वत्र रूढ होती. नळीच्या मागील टोकाशी कान, कानाशी रंजक आणि रंजकेस पेटविण्यासाठी धुमसता तोडा, अशी तिची रचना असे. तोड्याच्या बंदुकीचा पल्ला कमी नव्हता. लांब नळीच्या कित्येक देशी बंदुका विलायती बंदुकांहून दूर मारा करीत. गढीच्या बुरुजावरून वा कोटाच्या जंगीतून नेम धरून एकेक बार काढण्यास तिच्याइतके विश्वासू हत्यार दुसरे नव्हते. नरनाळा, बाळापूर, अकोला येथील कोटांच्या शिबंदीचा भार दीर्घकाळ तिच्यावरच होता. परंतु खुल्या मैदानात माणसास माणूस भिडवून रांग उभी करावयाची म्हटली म्हणजे पेटता तोडा हा स्वपक्षासच धोका होई. शेजाऱ्याच्या कमरेस दारूचा तोबडा आणि आपल्या हातात विस्तव, अशा स्थितीत दाट रांग उभी राहू शकत नाही. पाऊस आला की तोडा विझे आणि रात्री त्याच्या ठिणगीने शत्रूस ठिकाण कळे.

चकमकीच्या बंदुकीने ही अडचण दूर केली. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा एक धारदार तुकडा चामड्यात गुंडाळून घट्ट आवळलेला असतो. चाप ओढताच घोडा पडतो, गार पोलादी पट्टीवर घासते, पट्टी मागे सरून रंजकेची वाटी उघडी होते आणि ठिणग्या नेमक्या तीत पडतात. रंजक पेटून कानावाटे ज्वाला आत जाते आणि बार होतो. भरण्यासाठी कागदी काडतूस असे. त्यात मोजलेली दारू आणि शिशाची गोळी एकत्र गुंडाळलेली. शिपायाने ते दाताने फोडावे, चिमूटभर दारू वाटीत घालावी, उरलेली नळीत ओतावी, गोळी व कागद गजाने ठासावा आणि बंदूक खांद्यास लावावी. कसलेला शिपाई मिनिटास तीन बार काढी. तोड्याच्या बंदुकीने तेवढ्या वेळात एक बार निघाला तरी पुष्कळ. कवायती पायदळाचे सारे रहस्य ह्या तीन बारांत साठविलेले होते.

आता ह्या जातीच्या दोन थोर बंदुकांकडे वळू. इंग्रजांची बंदूक अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाली. आरंभी तिची नळी ४६ इंच होती, पुढे ती ४२ इंच झाली आणि अखेरीस ३९ इंचांचा आटोपशीर नमुना निघाला. ह्या शेवटच्या नमुन्याचा इतिहास आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. तो इंग्लंडच्या सरकारने नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी पलटणींसाठी, कमी खर्चात आणि लवकर तयार व्हावा म्हणून करवून घेतला होता. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्लंडच्या सरकारास बंदुकांची इतकी चणचण भासली की, त्याने कंपनीच्या गुदामातील बंदुका विकत घेतल्या. १७९७ साली तर बंदूक बनविणाऱ्या कारागिरांनी ह्याच नमुन्याबरहुकूम माल द्यावा, असे ठरविण्यात आले. म्हणूनच इंग्रज लोक तिला आजही ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. हिंदुस्थानातील शिपायांसाठी बेतलेली बंदूक अशा रीतीने नेपोलियनशी लढणाऱ्या खुद्द इंग्लंडच्या सैन्याची बंदूक झाली.

फ्रेंच बंदुकीचे नाव शार्लव्हील गावातील सरकारी कारखान्यावरून पडले. तशा बंदुका सेंत-एतिएन, मोब्यूज आदी ठिकाणीही होत. तिचा सर्वांत परिपूर्ण नमुना १७७७ सालचा. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढविले, तेव्हा फ्रान्सने त्यांस ज्या बंदुका पुरविल्या त्या ह्याच घराण्यातील जुन्या नमुन्यांच्या. शास्त्रशुद्ध मोजमापे, एकसारखे भाग आणि कडक तपासणी ह्यांविषयी फ्रेंच शस्त्रशाळांचा कटाक्ष मोठा होता.

दोन्ही बंदुका शेजारी ठेवल्या तर अनभिज्ञ मनुष्यास त्या सख्ख्या बहिणी वाटतील. दोहोंचे वजन साडेचार किलोच्या, म्हणजे जुन्या पक्क्या पाच शेरांच्या, आसपास. दोहोंची नळी आतून गुळगुळीत. दोहोंस लोखंडी गज आणि तिधारी संगीन. परंतु बारकाईने पाहता भेद दिसू लागतात.

पहिला भेद नळीच्या तोंडाचा. इंग्रजी नळीचे तोंड पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. फ्रेंच नळीचे साडेसतरा मिलिमीटर. गोळी नळीपेक्षा नेहमीच थोडी लहान ठेवीत, कारण दहापंधरा बारांनंतर नळीत काजळी साचून ती अरुंद होई. इंग्रजी गोळी साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे फ्रेंच नळीच्या तोंडाएवढीच. ह्यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होई. फ्रेंच गोळी इंग्रजी बंदुकीत सैल का होईना पण चाले. इंग्रजी गोळी मात्र फ्रेंच बंदुकीत जात नसे. लुटीत सापडलेला दारूगोळा इंग्रज शिपाई वापरू शके, फ्रेंच शिपायास ती सोय नव्हती. शिवाय इंग्रजी गोळी जड असल्याने जवळच्या अंतरावर तिचा तडाखा अधिक बसे. उलट फ्रेंच बंदुकीस शिसे कमी लागे आणि शिपायाच्या पाठीवर तेवढ्याच ओझ्यात अधिक काडतुसे मावत.

दुसरा भेद नळी लाकडास जोडण्याच्या तऱ्हेचा. इंग्रजी बंदुकीची नळी बारीक खिळ्यांनी दस्त्याच्या लाकडात अडकविलेली असे. नळी काढावयाची तर ते खिळे ठोकून बाहेर काढावे लागत आणि वारंवार असे केले की लाकूड झिजे. फ्रेंच बंदुकीस लाकूड व नळी ह्यांना एकत्र आवळणाऱ्या तीन धातूच्या कड्या असत. कड्या पुढे सरकविल्या की नळी हातात येई. साफसफाई व दुरुस्ती ह्या दृष्टीने ही रचना निःसंशय सरस होती. वऱ्हाडसारख्या प्रदेशात, जेथे पावसाळ्यात हवेतील दमटपणाने एका रात्रीत लोखंडास तांबेरा चढतो आणि उन्हाळ्यात लाकूड तडकते, तेथे ह्या सोयीचे मोल आणखीच वाढे.

तिसरा भेद चापाचा व संगिनीचा. इंग्रजी बंदुकीचा घोडा त्या काळी हंसाच्या मानेसारखा वळविलेला असे. तो दिसावयास डौलदार, पण मानेत नाजूक. फ्रेंच घोडा मधून भोक ठेवून दुहेरी सांधलेला, म्हणून दणकट. फ्रेंच बंदुकीची रंजकेची वाटी पितळी, म्हणजे गंजापासून मुक्त. फ्रेंच संगिनीस फिरणारे कडे असल्याने ती बंदुकीवर पक्की बसे. इंग्रजी संगीन नुसत्या खाचेत अडकविलेली, त्यामुळे हातघाईत शत्रूने ती हिसकावून काढल्याची उदाहरणे घडत. फ्रेंच नळी सुमारे ११४ सेंटीमीटर, म्हणजे पावणेपंचेचाळीस इंच लांब. त्यामुळे संगिनीचा पोच पाच-सहा इंचांनी अधिक. इंग्रजी बंदूक आखूड, म्हणून हाताळण्यास सोपी आणि बुटक्या बांध्याच्या शिपायासही पेलणारी.

असा हिशेब मांडला म्हणजे कारागिरीच्या दृष्टीने फ्रेंच बंदुकीकडे थोडे झुकते माप पडते. परंतु रणांगणावर हा फरक किती उरत असे? दोन्ही बंदुकांनी एकट्या माणसाचा नेम धरावयाचा तर तो ऐंशी ते शंभर यार्डांपर्यंतच. त्यापलीकडे गुळगुळीत नळीतून आपटत निघालेली गोळी कोणीकडे जाईल ह्याचा भरवसा नसे. गारेचा तुकडा वीस-तीस बारांनंतर बोथट होई, रंजक दमट झाली की नुसता भपका होऊन बार जागच्या जागी राही. १८३४ साली वुलिच येथे चकमकीच्या बंदुकीची रीतसर परीक्षा घेण्यात आली, तेव्हा ६,००० बारांपैकी ९२२ बार फुकट गेले. म्हणजे साडेसहा बारांमागे एक. त्याच परीक्षेत टोपीच्या नव्या बंदुकीचे अवघे ३६ बार फुकट गेले. अशा हत्याराच्या बाबतीत नळी कड्यांनी बांधली की खिळ्यांनी, ह्यावर एका दिवसाच्या लढाईचा निकाल अवलंबून राहणे शक्य नव्हते. निकाल अवलंबून असे तो पन्नास यार्डांपर्यंत न डगमगता चालत जाऊन एका हुकुमाबरोबर फैर झाडणाऱ्या रांगेवर. बंदूक एकाची, पण तिचे सामर्थ्य पाचशे जणांच्या एकजुटीचे.

हे तत्त्व मराठ्यांस ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या चाकरीत आला आणि १७६० साली उदगीरच्या लढाईत त्याच्या पायदळाने व तोफखान्याने आपली करामत दाखविली. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ साली बन्वा द ब्वान्य ह्या सव्हॉयच्या सरदारास चाकरीस ठेवले. मराठी कागदांत तो डिबॉइन ह्या नावाने येतो. १७९० साली पाटण व मेडते येथे त्याच्या पलटणींनी राजपुतांच्या घोडदळास हार खावयास लावली. ह्या पलटणींसाठी आग्रा येथे शस्त्रशाळा उभारण्यात आली होती आणि सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जात व बंदुका तयार होत. एका बंदुकीस सुमारे दहा रुपये खर्च येई आणि ती विलायती मालाच्या तोडीची असे, असा युरोपीय लेखकांचाच निर्वाळा आहे. इकडे दक्षिणेत टिपूच्या श्रीरंगपट्टणात फ्रेंच बंदुका येत आणि देशी कारागीर तशा बनवीतही. हैदराबादेत निजामाच्या चाकरीतील रेमाँ ह्या फ्रेंच सेनानीने तोफा ओतण्याचा कारखाना काढला. त्याची पडकी वास्तू त्या शहरात आजही आहे. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने रेमाँच्या पलटणी आणि मराठ्यांच्या बाजूने शिंद्यांच्या पलटणी समोरासमोर उभ्या होत्या. १७९८ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी निजामाकडून ही फ्रेंच फौज मोडविली.

तात्पर्य, १८०३ साली युद्धास तोंड लागले तेव्हा शिंद्यांच्या पायदळाच्या हाती इंग्रजांच्या बंदुकीशी बरोबरी करणारी बंदूक होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात ह्याचा प्रत्यय आला. पोहलमन ह्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालील शिंद्यांच्या पलटणींनी वेलस्ली बगलेवर येतो असे पाहताच आपली सारी रांग फिरवून त्याच्या समोर आणली. ही हालचाल शत्रूसमोर करणे कोणत्याही युरोपीय सैन्यास कठीण जाते. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी निपचित पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे निघून जाताच उठून त्यांनी तिच्या पाठीवर पुन्हा मारा सुरू केला. वेलस्ली विजयी झाला, परंतु त्याची सुमारे १,५८४ माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. त्याच्या कवायती फौजेतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसे एका दुपारी कामास आली. निकृष्ट हत्याराच्या सैन्याकडून असे नुकसान होत नसते.

मग अडगावास काय घडले? तेथे शिंद्यांचे घोडदळ होते, पण पायदळ मुख्यतः नागपूरकर भोसल्यांचे, आणि त्याचे आधिपत्य रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू ह्यांच्याकडे होते. शिंद्यांशी २३ नोव्हेंबरला युद्धतहकुबीचा करार झाला होता, परंतु त्यातील अटीप्रमाणे शिंद्यांची फौज ठरल्या अंतरावर गेली नाही, ही सबब वेलस्लीस पुरेशी झाली. कर्नल स्टीव्हन्सनची फौज त्यास येऊन मिळाली होती. २९ तारखेस दिवस कलता असता लढाई सुरू झाली. भोसल्यांच्या तोफांचा पहिला मारा इतका अचूक होता की, असईस छाती ठोकून लढलेल्या कंपनीच्या तीन देशी पलटणी फुटून मागे पळाल्या; वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांस पुन्हा रांगेत आणले. ज्यांच्या हातात ‘इंडिया पॅटर्न’ होती तेच हे शिपाई. दोन महिन्यांपूर्वी अढळ राहिलेली रांग त्याच बंदुकीनिशी मोडली आणि सेनापती समोर दिसताच त्याच बंदुकीनिशी पुन्हा जुळली. बंदूक आणि तिच्यामागील मनुष्य ह्यांचे नाते ह्याहून स्पष्ट करणारा प्रसंग वऱ्हाडच्या इतिहासात दुसरा नाही.

भोसल्यांकडील अरब पायदळाने गोऱ्या पलटणींवर आवेशाने चाल केली, पण त्या हल्ल्यास पाठिंबा देणारी दुसरी रांग आली नाही आणि ते तेथेच कापले गेले. बाकीची फौज मोडली. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. चांदणी रात्र असल्याने त्यांच्या घोडदळाने पुष्कळ अंतरापर्यंत पाठलाग केला. इंग्रजांचे नुकसान ह्या वेळी साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे असईच्या पाव हिश्शाइतकेच होते.

मोडलेल्या पायदळापैकी पुष्कळ लोक गाविलगडाच्या आश्रयास गेले. किल्लेदार बेनीसिंग होता. सातपुड्याच्या माथ्यावरील हा गड दुर्जय समजला जाई. स्टीव्हन्सनने डोंगरातून वाटा फोडीत जड तोफा उत्तरेच्या बाजूस चढविल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटास खिंडार पडून हल्ला झाला, आतल्या तटास कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावल्या आणि गड पडला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला. विजेत्यांनी गडावरील शस्त्रांची मोजदाद केली तेव्हा ५२ तोफा व १५० जंबुऱ्यांखेरीज सुमारे २,००० बंदुका सापडल्या, आणि त्या इंग्रजी बनावटीच्या होत्या.

ही एक नोंद साऱ्या वादावर प्रकाश टाकते. ज्या बंदुकीमुळे आपण हरलो असे आपण समजतो, तीच बंदूक संगिनीसह हरणाऱ्यांच्या शस्त्रागारात हजारांनी होती. गाविलगडाच्या तटावर दोन्ही बाजूंनी एकाच घराण्याच्या बंदुका एकमेकींवर रोखलेल्या होत्या. शिशाच्या गोळीस आपण कोणाच्या नळीतून निघालो हे कळत नाही. कळते ते केव्हा निघावयाचे, किती जणींनी मिळून निघावयाचे आणि पाठोपाठ दुसरी फैर येणार आहे की नाही, हे ठरविणाऱ्या माणसास.

तेव्हा भेद कोठे होता ते पाहू. पहिला भेद अधिकाऱ्यांचा. शिंद्यांच्या पलटणींवर युरोपीय अधिकारी होते. युद्ध सुरू होताच कलकत्त्याच्या सरकारने ब्रिटिश प्रजाजनांस मराठ्यांची चाकरी सोडून येण्याचे आवाहन केले, आश्वासनेही दिली, आणि त्यांतील पुष्कळ जण निघून गेले. उत्तरेत द ब्वान्यच्या जागी आलेला पेराँ स्वतःच सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयास गेला. ज्या सैन्याचे हुकूम परक्याच्या भाषेत आणि परक्याच्या मुखातून निघतात, त्या सैन्याचा आवाज परका केव्हाही बंद करू शकतो. बंदूक आग्र्यास बनविता आली, पण ती चालविण्याचा हुकूम देणारा देशी अधिकारीवर्ग मात्र तयार करण्यात आला नव्हता.

दुसरा भेद पगाराचा. द ब्वान्यने पलटणींचा पगार वेळेवर व्हावा म्हणून दोआबातील मुलूख तोडून घेतला होता. १७९४ साली महादजींचा मृत्यू झाला, पुढे द ब्वान्यही निघून गेला, आणि दौलतराव शिंद्यांच्या अमदानीत ती शिस्त ढासळत गेली. कंपनीचा शिपाई श्रीमंत नव्हता, पण महिन्याच्या महिन्यास त्यास पगार मिळे. पोटाची चिंता नसलेला शिपाईच पन्नास यार्डांपर्यंत गोळी राखून ठेवू शकतो.

तिसरा भेद पुरवठ्याचा. बंदूक एकदा हाती आली की काम संपले असे होत नाही. तिला एकाच मापाच्या गोळ्या, कोरडी दारू, कागद, धारेच्या गारा आणि सुटे भाग ह्यांचा अखंड ओघ लागतो. कंपनीच्या बंदुका एका मापाच्या, म्हणून मद्रासेत तयार झालेले काडतूस वऱ्हाडातील शिपायाच्या नळीत बिनचूक बसे. अनेक मार्गांनी जमविलेल्या बंदुका ज्या फौजेत असतात, तेथे एकाचे काडतूस दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. इंग्रजी व फ्रेंच नळ्यांतील दीड मिलिमीटरचा फरक नेमक्या अशा वेळी जिवावर बेते.

चौथा आणि सर्वांत मोठा भेद एकसूत्रीपणाचा. शिंदे आणि भोसले एकत्र होते, पण एक नव्हते. एकाने युद्धतहकुबी करावी आणि दुसऱ्याने लढत राहावे. होळकरांनी बाजूस राहून पाहावे. पेशव्यांनी वसईच्या तहाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, स्वतःस इंग्रजांच्या आश्रयास बांधून घ्यावे. पाच बोटे पाच दिशांस असली म्हणजे मूठ वळत नाही, मग त्या मुठीत कोणतेही हत्यार द्या.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. मराठ्यांनी कवायती पायदळाच्या नादी न लागता आपला जुना गनिमी कावा सोडला नसता तर ते टिकले असते, असे वेलस्ली व टॉमस मन्रो ह्यांच्यासारख्या इंग्रजांचेच मत होते. परंतु शत्रूने दिलेला हा सल्ला जपून स्वीकारला पाहिजे. चपळ घोडदळ शत्रूस दमवू शकते, रसद तोडू शकते, पण दिल्लीपासून कटकपर्यंत पसरलेले राज्य, त्याची शहरे आणि पेरलेली शेते राखावयाची तर कोठे तरी ठाम उभे राहणारे पायदळ लागतेच. महादजींचा निर्णय चुकीचा नव्हता. तो अर्धवट राहिला. त्यांनी बंदूक घेतली, कवाईत घेतली, कारखाना घेतला; परंतु ह्या साऱ्यांस कायम पोसणारी राज्यव्यवस्था उभी राहण्यापूर्वीच ते गेले.

देवगावच्या तहाने भोसल्यांस वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा हक्क सोडावा लागला आणि तो प्रदेश निजामाकडे गेला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले तेवढे त्या वेळी भोसल्यांकडे राहिले. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांचाही तह झाला. भोसले आणि निजाम असा दुहेरी वसूल देणारी वऱ्हाडची दोअमली संपली. पण रयतेस त्यापासून सुख लाभले असे नाही. युद्धाने तुडविलेल्या मुलखावर १८०३-०४ चा भीषण दुष्काळ कोसळला. पातूरसारख्या घाटाखालच्या गावांच्या दृष्टीने कोणाची बंदूक सरस होती ह्या प्रश्नास फारसा अर्थ नव्हता. चारा आणि धान्य दोन्ही फौजांनी सारख्याच तत्परतेने नेले होते. पुढे अर्धशतक लोटल्यावर, १८५३ साली, हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी इंग्लंडात आट्यांच्या नळीची एन्फील्ड रायफल निघाली आणि ‘ब्राउन बेस’ व ‘शार्लव्हील’ ह्या दोन्ही भगिनी इतिहासजमा झाल्या.

तथापि त्यांच्या तुलनेतून निघणारा बोध जुना झालेला नाही. विसाव्या शतकात रशियन कलाश्निकोव्ह आणि अमेरिकन एम-१६ ह्यांपैकी श्रेष्ठ कोणती, ह्यावर जगभर खल झाला. आपल्याकडेही देशी इन्सास रायफलीची तुलना कलाश्निकोव्हशी होत आली आहे. एकीची गोळी ५.५६ मिलिमीटरची, दुसरीची ७.६२ ची, आणि एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. म्हणजे गाविलगडाच्या काळचा प्रश्न नव्या मापात पुन्हा समोर उभा आहे. हत्याराची पारख करणे अवश्य आहे. नळी, चाप आणि वजन ह्यांचा हिशेब मांडणाऱ्यास कोणी हसू नये. मात्र तो हिशेब मांडून झाल्यावर आणखी चार रकाने भरावयाचे राहतात. हुकूम कोण देतो, पगार केव्हा मिळतो, काडतूस कोठून येते आणि शेजारचा मित्र ऐनवेळी उभा राहतो की नाही, हे ते चार रकाने होत. १८०३ साली वऱ्हाडात बंदुकांचा रकाना दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखाच भरलेला होता. निकाल लागला तो उरलेल्या चारांवर.